बॉनेटच्या आधी कोड: नव्या गाडीवर स्वतः काम शिकणाऱ्यांसाठी

कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० बंद पडली की प्रश्न तीनच असायचे. पेट्रोल येतंय का, स्पार्क पडतोय का, हवा जातेय का. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि चार पाने असले की निम्मी कामं घरच्या घरी निभायची. आता २०२० नंतरच्या कुठल्याही बीएस-६ गाडीचं बॉनेट उघडा. वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्याखाली वायरींचं जंजाळ, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. प्रश्न अजूनही तेच तीन आहेत. पण उत्तरं ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे, कोडच्या रूपात असतात, आणि ती काढून घ्यायची रीत कुणी शिकवलेली नसते.

नवशिक्यांचा वैताग बहुतेक इथूनच सुरू होतो. माणूस बोल्ट खोलायला धडपडतो, पण अडलेलं असतं माहितीपाशी. कुठला पार्ट, कुठलं ऑइल, आधी काय उतरवायचं, परत लावल्यावर संगणकाला काय सांगायचं, हे ठाऊक नसलं की साधं कामही दिवस खातं. म्हणून पुढच्या पायऱ्यांत पाना बराच उशिरा हातात येतो. हे सगळं पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक गाडीचा विषय वेगळा.

पायरी १: काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवा

ग्लोव्ह बॉक्समधली मालकाची पुस्तिका वाचून काढा. फ्यूज कुठे, ऑइलचा ग्रेड कोणता, किती लिटर, जॅक नेमका कुठे लावायचा, हे त्यात असतं. एखादी वस्तू उघडायची कशी, हे मात्र बहुधा नसतं. ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं आणि ते तुम्हाला सहज मिळत नाही. ही उणीव तुमच्याच मॉडेलचे, तुमच्याच वर्षाचे दोन-तीन व्हिडिओ पाहून भरून काढावी लागते. ‘तुमच्याच वर्षाचे’ हे महत्त्वाचं, कारण नाव तेच ठेवून आतली मांडणी बदलणं ही कंपन्यांची जुनी सवय आहे.

पहिल्या वर्षात हात बसवायला ही कामं पुरेत: केबिनचा एसी फिल्टर, इंजिनाचा एअर फिल्टर, वायपर ब्लेड, फ्यूज, १२ व्होल्टची बॅटरी. ती जमली की इंजिन ऑइल आणि पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग.

हेडलाइटचा बल्ब या यादीत मुद्दाम घातलेला नाही. पूर्वी एच-४ बल्ब मागून काढायला पाच मिनिटं लागायची. आता बऱ्याच गाड्यांत एलईडीचा सीलबंद दिवा असतो, म्हणजे एक भाग गेला की सबंध हेडलॅम्प बदला. आणि जिथे बल्ब बदलता येतो, तिथेही काही मॉडेलमध्ये आधी पुढचा बंपर उतरवावा लागतो. याला अभियांत्रिकी म्हणायचं की खोडसाळपणा, ते तुम्हीच ठरवा. बंपर उतरवायची पाळी येणार असेल तर ते काम सरळ गॅरेजला द्या.

आता न करायची कामं. एअरबॅगची वायरिंग, तिचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात आणि ते स्टिअरिंगमध्ये, डॅशबोर्डमध्ये, कधी सीटखालीही असतात. सीट उतरवणं हे त्यामुळे आता साधं काम राहिलेलं नाही. हायब्रिडमधल्या उच्च व्होल्टेजच्या नारंगी वायरी. डिझेलची कॉमन रेल लाइन, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पोचवणारी नळी. तिच्यातला दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि बारीक गळतीतून उडालेलं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. एसीचा गॅस. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड. तिथे स्कॅनरने आधी सर्व्हिस मोडमध्ये न जाता पिस्टन मागे दाबला तर मोटर खराब होते. समोरच्या काचेमागे एडीएएसचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर ती काचसुद्धा. काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो.

साधे ब्रेक? तेही पहिल्या वर्षात नको. पुढे शिकलात तरी जाणत्या माणसासमोर शिका.

पायरी २: हत्यारं थोडी, पण बरी

८ ते १९ मिलिमीटरचा सॉकेट सेट, रिंग पाने, टॉर्क्स बिट, प्लास्टिकच्या क्लिपा उचकटायच्या पट्ट्या, डिजिटल मल्टिमीटर, हेडटॉर्च. टॉर्क्स बिट नसतील तर चांदणीच्या आकाराचा स्क्रू बघत बसावं लागेल. नव्या गाड्यांत तो जागोजागी भेटतो.

टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरापुरताच आवळू देणारा पाना, ही चैन वाटते, पण प्लग किंवा ऑइलचा ड्रेन नट लावायचा असेल तर ती घ्याच. इंजिनाचं हेड आणि ऑइलचं चेंबर बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचे असतात. ‘अजून थोडं घट्ट’ करताना आटे गेले की शंभर रुपयांच्या कामाचं काही हजारांचं काम होतं.

गाडीसोबत आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. सपाट, पक्की जमीन, चाकांना लाकडी ठोकळ्याची उटी, आणि वजन पेलणारे दोन जॅक स्टँड, हे तिन्ही नसेल तर खालून करायचं काम घरी करू नका. विटा रचून गाडी टेकवणारे लोक दिसतात. वीट भार आला की सूचना न देता फुटते.

पायरी ३: आधी बॅटरी तपासा

नव्या गाडीतले अर्धे भुताटकीचे प्रकार कमजोर बॅटरीमुळे होतात. व्होल्टेज पडलं की एबीएस, पॉवर स्टिअरिंग, कधी एअरबॅग असे दिवे एकदम लागतात आणि नवखा माणूस प्रत्येक दिव्याच्या मागे धावतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीचं नंतर. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ दिसायला हवं. मात्र हल्लीच्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटरवरही संगणकाचा ताबा असतो आणि तो मायलेज वाचवायला चार्जिंग मधूनच कमी करतो. म्हणून एकदाच आकडा कमी दिसला की अल्टरनेटर गेला असं समजू नका; हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

बदलताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना आधी पॉझिटिव्ह लावा. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा चौकोनी सेन्सर असेल तर त्याला हिसके देऊ नका. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीची, जास्त दणकट बॅटरी लागते. दुकानदार ‘साधी पण चालते’ म्हणेल. चालते, पण लवकर मरते. काही युरोपीय गाड्यांत तर नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते. बॅटरी परत जोडल्यावर पॉवर विंडोची एका दाबात वर जायची सोय बंद पडलेली दिसेल आणि आयडलिंगही (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) थोडा वेळ वरखाली होईल. यांची पुन्हा शिकवणी कशी घ्यायची ते बहुधा पुस्तिकेत असतं. आणि हे सगळं चाललेलं असताना चावी खिशात ठेवा, गाडीत नाही.

पायरी ४: कोड वाचा, पण त्याचं सगळं ऐकू नका

स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या तळाशी १६ पिनांचं एक सॉकेट असतं. हा ओबीडी पोर्ट, गाडीच्या संगणकाकडून बिघाडाची माहिती काढायची जागा. अमेरिकेत १९९६ पासून तो सक्तीचा आहे, आपल्याकडे ओबीडी-२ बीएस-४ गाड्यांत २०१३ पासून आलं. या सॉकेटमध्ये बसणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांपासून मिळतो, आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अॅप घातलं की इंजिनाचे कोड वाचता येतात. या लेखातलं एकच काही विकत घेणार असाल तर हे घ्या. अगदी स्वस्तातल्या नकला काही गाड्यांशी जोडल्याच जात नाहीत, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या.

आधी दिव्याचा अर्थ. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागी थांबा. ऑइलचा लाल दिवा लागला तर चर्चा नाही, इंजिन तिथेच बंद.

कोड दिसला की पहिलं काम स्क्रीनशॉट. त्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ असेल तर तीही जपून ठेवा. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम आणि वेग किती होता, हे त्यात कळतं. लोक घाईने कोड उडवतात, दिवा जातो, समाधान वाटतं. दोन दिवसांनी तो परत येतो आणि तोवर पुरावा पुसलेला असतो.

आता खरी मेख. कोड म्हणजे सेन्सरची तक्रार आहे. कुठला पार्ट बदलायचा, हे तो सांगत नाही. तीन उदाहरणं घेऊ.

पी०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोष प्लगचा, त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचा, इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचा असू शकतो. इथे फुकटात होणारी एक चाचणी आहे. इंजिन थंड असताना, इग्निशन बंद करून, एक नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची एकवर लावा. कोड उडवा, गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करा. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असलेल्या गाडीतच हे जमतं. कॉइलचा कनेक्टर काढताना लॉकची बारीक जीभ दाबून काढा. उन्हाने कडक झालेली ती जीभ तुटणं हा नवशिक्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पहिल्या शोधात लोक ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ वाचतात आणि ऑर्डर देऊन मोकळे होतात. तो सेन्सर बिचारा खरं सांगत असण्याचीच शक्यता जास्त. मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत आधी फिल्टर बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंतची रबरी नळी बोटांनी चाचपा; चीर, ढिला क्लॅम्प, नीट न बसलेलं झाकण. एअर फिल्टर नुकताच बदलला असेल तर संशय तिथेच घ्या.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं ईसीयूला वाटतंय. नवा कन्व्हर्टर महाग असतो. तो घेण्याआधी सायलेन्सरच्या जोडातून गळती आहे का आणि गाडी आधीपासून मिसफायर करत होती का, हे पाहून घ्या.

आणि आपल्याकडचं एक कारण कुठल्याही परदेशी व्हिडिओत ठळक सांगितलेलं नसतं: उंदीर. पावसाळ्यात गरम इंजिनाच्या आसऱ्याला येतात आणि वायरी कुरतडतात. एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन कोड एकदम आले तर सेन्सर विकत घेण्याआधी टॉर्च घेऊन वायरिंग पहा. बॅटरीच्या आसपास लेंड्या दिसल्या तर निदान जवळजवळ झालंच.

स्वस्त डोंगलच्या मर्यादाही ओळखून असा. पी० ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात, पी१ चे बरेचसे कंपनीचे स्वतःचे, आणि एबीएस किंवा एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत साधं अॅप अनेकदा पोचतच नाही. काम झालं की डोंगल काढून ठेवा. गाडी उभी असताना तो बॅटरी खातो.

पायरी ५: पहिलं काम, केबिन फिल्टर

हा बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असेल तो सोडवा, दोन्ही बाजू आत दाबा, तो खाली झुलतो. मागे एक लांबट झाकण. दोन्ही टोकांच्या जिभा दाबून ते काढा आणि फिल्टर सरळ ओढा. पालापाचोळा, धूळ, क्वचित उंदराने केलेलं घरटं, सगळं तुमच्या पायाशी पडेल. आधी पेपर अंथरा.

नव्या फिल्टरवर बाण असतो. तो हवेच्या दिशेचा. जुना काढतानाच त्याचा बाण कुठे होता त्याचा फोटो घ्या. उलटा फिल्टरही बसतो, पण एसीचा झोत कमी होतो आणि मग माणूस गॅस भरायला धावतो.

इथे क्लिपांची ओळख होते. प्लास्टिक थंडीत ठिसूळ असतं, म्हणून सकाळी गारव्यात ओढाताण नको. क्लिप कुठे आहे ते आधी शोधा, मग तिच्या अगदी जवळ पट्टी घालून उचला. दुरून जोर लावला की पॅनेल वाकतं आणि क्लिप आतच राहते. तरी एखादी तुटेलच. चार जास्तीच्या आणून ठेवा, त्या स्वस्त असतात.

पायरी ६: इंजिन ऑइल, आणि ते खरंच करायचं का

गाडी वॉरंटीत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ठरलेलं सर्व्हिसिंग घरी करू नका. सर्व्हिसची नोंद नसली की पुढे इंजिनाच्या दाव्यात वाद घालायला जागा मिळते, आणि वाचलेले पैसे त्या भांडणाला पुरत नाहीत. वॉरंटी संपल्यावर मात्र हे काम शिकण्यासारखं आहे.

ग्रेड पुस्तिकेतला घ्या. पूर्वी २०डब्ल्यू-४० सर्रास चालायचं. आता ०डब्ल्यू-२०, काही गाड्यांत ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ ऑइल लागतं. ‘आपल्या उन्हाळ्याला जाड ऑइलच बरं’ हा सल्ला नव्या इंजिनाला लागू नाही. त्याच्या बारीक वाटा त्या पातळ ऑइलसाठीच आखलेल्या आहेत. बीएस-६ डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, नाहीतर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरतो.

इंजिन थोडं कोमट करून बंद करा. स्टँडवर गाडी घ्या. खाली प्लास्टिकचं अंडरकव्हर असतं आणि त्याचे स्क्रू दोन-तीन जातींचे असू शकतात. कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यातच खोचून ठेवा. ड्रेन नट सोडा, ऑइल निथळू द्या, नवा वॉशर घालून नट टॉर्कप्रमाणे लावा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल चोळा आणि डब्यासारखा फिल्टर असेल तर हातानेच आवळा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बघायला विसरू नका. रबरावर रबर बसलं की सगळं ऑइल रस्त्यावर. सांगितलेल्यापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, खाली गळती पहा, गाडी सपाट जमिनीवर उतरवून थोडं थांबा, पट्टीवर पातळी बघा आणि मग उरलेलं ओता. शेवटी डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा रिमाइंडर रीसेट करा.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजमध्ये न्या. त्यांच्याकडून ते गोळा करणारे लोक असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगा. फरशीवर पडलेला एक डाग तुमची सगळी हौस मीटिंगच्या विषयपत्रिकेवर नेऊ शकतो.

डिझेल गाडीत डीईएफची टाकी असेल तर तिची निळी टोपी ओळखून ठेवा. डीईएफ म्हणजे धूर स्वच्छ करायला वापरलं जाणारं ३२.५ टक्के युरियाचं पाणी. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवू नका, इग्निशनही लावू नका. गाडी टो करून न्या.

पायरी ७: पार्ट आणताना

‘अमुक मॉडेल, २०२१’ एवढ्यावर पार्ट मागू नका. एकाच वर्षात दोन प्रकारचे पार्ट लागलेले असतात. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर आणि जुन्या पार्टवर छापलेला नंबर यांचा फोटो न्या. जमल्यास जुना पार्टच न्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड इथल्या जाणत्या दुकानदाराला पार्ट हातात घेतल्यावर जे कळतं, ते वेबसाइटच्या शोधखिडकीत कळत नाही. कंपनीच्या खोक्यातला फिल्टर बहुधा ज्या पुरवठादाराने बनवलेला असतो, त्याचाच माल त्याच्या स्वतःच्या खोक्यात स्वस्त मिळू शकतो, म्हणून तोही विचारा. सेन्सर आणि कॉइलच्या बाबतीत मात्र डुप्लिकेटचा मोह टाळा. खोटा सेन्सर नवा बिघाड तयार करतो आणि तुम्ही आठवडाभर जुनाच शोधत राहता.

पार्ट किंवा माहिती मिळतच नाही, ही तक्रार तुमची एकट्याची नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला होता: सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणी मिळत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. तिथे आपल्या कंपनीचं पान उघडून काय काय दिलंय ते एकदा पाहून ठेवा.

पायरी ८: अडलात तर

बोल्ट हलत नसेल तर जोर वाढवू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे गाडीखालचे बोल्ट लवकर पकडतात, तिथे हे जवळजवळ नेमाने करावं लागतं. डोकं गोल व्हायला लागलं की थांबा, कारण त्यानंतरचं प्रत्येक वळण मिस्त्रीचं काम वाढवतं.

संध्याकाळ झाली, उद्या गाडी लागणार आहे आणि एक क्लिप बसत नाहीये, अशा वेळी सगळ्यात जास्त तोडफोड होते. म्हणून काम शनिवारी सकाळी, दुकानं उघडी असताना सुरू करा.

गॅरेजला गाडी न्यायची वेळ आली तर काय काय उघडलं ते लपवू नका. मिस्त्रीला ते पहिल्या नजरेत दिसतंच, आणि लपवलंत तर त्याचा तास वाया जातो, जो तुमच्या बिलात येतो. सर्व्हिस अॅडव्हायझरला ‘गाडी झटके मारते’ एवढंच सांगण्याऐवजी स्क्रीनशॉट दाखवा: हा कोड, इंजिन गरम झाल्यावरच येतो, कॉइल अदलाबदल करून पाहिली, दोष सरकला नाही. जॉबकार्डवर हे लिहून घ्या. स्कॅनचा रिपोर्ट मागा, जुना पार्ट परत मागा. आणि खोललेलं काही परत बसलं नसेल तर ते सगळं पिशवीत घालून सोबत द्या, उरलेल्या स्क्रूंसकट. कुठला कुठे जातो ते मिस्त्रीला बहुधा बघताच कळतं.